सात वर्षं पूर्ण होईपर्यंत

बाळांनो,

गेल्या शुक्रवारी फोनवर धाकट्याने सांगितलं की शाळेत आपल्या आजोबांविषयी बोलायचं होतं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या आजोबांना पोहता येत नव्हतं, मी त्यांना शिकवलं." त्याचे गुरुजी खूश झाले म्हणे. मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर दोन दिवस मला ते छान वाटेना. माझा इकामा, म्हणजे या अरबी देशात राहायचा परवाना, आजोबांच्या नोकरीवर होता, तो आता संपतो आहे. पुढच्या महिन्यात मी रुमैथियाचं हे घर सोडीन. सामान बांधायच्या आधी हे लिहून ठेवते. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

आजोबांना पोहता येत होतं. फार चांगलं येत होतं.

आमचं लग्न झालं त्या मे महिन्यात मी पहिल्यांदा त्यांच्या गावी, रत्नागिरीकडे गेले. मी पुण्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे न गेलेली. घरामागे मोठी विहीर होती. हे पंचा लावून काठावर उभे राहिले आणि गुडघे पोटाशी घेऊन धाडकन आत गेले. पाणी माझ्या साडीवर उडालं. वर आल्यावर पाठीवर पडून राहिले, हात डोक्याखाली, आणि तसेच पडल्या पडल्या काठावरच्या माणसाशी भाताच्या बियाण्याविषयी बोलत होते. वाडीतल्या कितीतरी मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक यांच्या हातात. मला ते पाहून धडकी भरायची. मुलं मात्र रांग लावून उभी असायची.

तुमच्या आईला तेवढं शिकवायचं राहिलं. विहिरीचं काळं पाणी पाहिलं की ती रडायला लागायची. तळ दिसत नाही, म्हणायची. आजोबांनी कधी जबरदस्ती केली नाही. सुट्टीत आम्ही गावी गेलो की ती विहिरीच्या बाजूला फिरकायचीच नाही. हे त्यांच्या मनात राहून गेलं होतं, ते मला तुम्ही झाल्यावर कळलं. एकदा जेवताना म्हणाले, "नातवंडांना तळ दिसेल असं पाणी पाहिजे."

त्यांचं काम काय होतं तुम्हाला माहीत आहे. इथल्या लोकांच्या घरी स्विमिंग पूल बांधणाऱ्या कंपनीत ते सुपरवायझर होते. दुसऱ्यांचे तलाव बांधायचे आणि त्यांच्यासाठी बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी आणायची, यातच त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. आपल्या घराला मागे चांगलं अंगण आणि उंच भिंत. पण घर भाड्याचं. आपल्याला इथे घर घेता येत नाही, तेव्हा परवानगी मागायची तर घरमालकाने, आणि हे घर होतं दोघा भावंडांच्या नावावर.

भाऊ लगेच तयार झाला. त्याच्या दिवाणियात, पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, आजोबा चहा प्यायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "बांध म्हणाला. तलाव झाला तर पुढे भाडं वाढवता येईल, असंही म्हणाला."

"मग?"

"मग ताईला विचार म्हणाला."

ताई म्हणजे मोठी बहीण. तिचे वडील मुंबईला खजुराचा व्यापार करायचे, त्यामुळे लहानपणची काही वर्षं तिची तिकडे गेलेली. हिंदी बोलायची, आणि अशी ठसक्यात बोलायची की मला माझ्या हिंदीची लाज वाटावी. आम्ही दोघं आंब्यांची पेटी घेऊन गेलो. तिने आंबा हातात घेऊन हुंगला आणि विचारलं, "घर में सबसे छोटा बच्चा कितने साल का है?"

आजोबा म्हणाले, "नातू, तीन साल का. हर जुलाई आता है."

"तो चार साल रुको."

आजोबा हसले. ती हसली नाही. "सात साल का होता है तब हम बच्चे को नमाज सिखाते हैं. उससे पहले वो किसी की नहीं सुनता. तुम दोपहर को सो जाओगे, वो पानी में चला जाएगा. मेरे बाप के घर में ये नहीं होगा."

मला तिचं म्हणणं पटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. दुपारी सगळं घर झोपलेलं आणि अंगणात उघडं पाणी, हा विचार मीही करत होते. आजोबांनी मान हलवली आणि "ठीक है, सात" म्हणाले.

भावाला हे कळलं तेव्हा तो आजोबांना म्हणाला, "अरे, तिला काय आठवतंय? खण. बलदियाचं मी बघतो." आजोबांबरोबर काम करणारी कोकणातली माणसं, बायकामुलं गावी ठेवून इथे एकटी राहणारी, तीही तयार होती. एका शुक्रवारी आपल्याकडे जेवायला आली होती तेव्हा एक म्हणाला, "साहेब, खड्डा आम्ही काढतो. पण पहिली उडी आमची."

"तुझी उडी पडली तर पाणीच उरायचं नाही," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "मी हो म्हटलंय तिला. थांबू."

तुम्ही दर जुलैत येत होता. बाहेर पाऊल ठेवता येत नाही असं ऊन. समुद्राचं पाणी कोमट, आणि त्यात जेलीफिश. क्लबात नेऊ म्हटलं तर तिथे म्हणे अंगाला घट्ट बसणारी चड्डी आणि डोक्याला टोपी पाहिजे. आजोबा म्हणाले, त्या वेषात मला शिकवायला सुचणार नाही. तुम्ही घरात गाद्यांवर उड्या मारायचात आणि ते खिडकीतून अंगणाकडे बघत बसायचे.

धाकट्याला सातवं लागून सरलं. आम्ही पुन्हा आंबे घेऊन गेलो. ताईने हिशेब न विचारता सही केली. बलदियाचा शिक्काही आला. आजोबांनी सुट्टी घेऊन अंगणात चुन्याची फक्की ओढली, एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला त्यांच्या छातीइतकं. मला मध्ये उभं करून म्हणाले, "इथपर्यंत पाणी. आता भीती वाटते?" मी म्हटलं, वाटते. ते खूप हसले.

त्याच आठवड्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला. दोघांच्या हातात बिल्ले. शाळेतून पोहायला नेत होते, परीक्षाही झाली होती. तुमच्यातल्या मोठीने पलंगावर पालथं पडून हात कसे मारायचे ते दाखवलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "शाबास, शाबास," म्हणाले.

शुक्रवारी खणायला येणाऱ्या माणसांना त्यांनी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी वाद घातला. परवानगी हातात आहे, मुलं येतील, डुंबतील. ते म्हणाले, "मला तलाव नको होता गं. मला शिकवायचं होतं." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. फक्की हळूहळू वाऱ्याने गेली.

धाकट्या, आता त्यानंतरच्या जुलैचं. तुमच्या आईने हॉटेलात दोन दिवस खोली घेतली होती, तिथे निळा तलाव. आजोबा कपडे घालून खुर्चीत बसले होते. तू पाण्यातून ओरडलास, "आजोबा, कम इन. डोन्ट बी स्केअर्ड."

"मला कुठे येतं?" ते म्हणाले. "तू शिकवशील?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. दुकानातून ती घट्ट चड्डी आणली, टोपी घातली आणि शिडी धरून, कुरकुरत, आत उतरले. तू त्यांना नाक धरायला शिकवलंस. त्यांनी थोडं पाणी गिळलं, खोकले. तू पाठीखाली हात धरून म्हणालास, "रिलॅक्स." आणि ते पाठीवर तरंगायला लागले. सहज, विहिरीत राहायचे तसे. तू मला हाक मारून म्हणालास, "आजी, सी? ही लर्न्स फास्ट." ते डोळे मिटून पडले होते. इतके सुखात होते की मी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या थंडीत ते गेले. घरमालकीण ताई भेटायला आली तेव्हा तिने अंगणाकडे बघून विचारलं, "पानी किधर है?" मी सांगितलं, मुलं तिकडेच शिकली. ती म्हणाली, "मेरी वजह से?" मी नाही म्हटलं आणि चहा ओतला.

धाकट्या, तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. त्यांनीच तुला तसं सांगितलं होतं. पण चार उन्हाळे ते थांबले होते, आणि कशासाठी, ते तुम्हाला कळायला हवं.

त्यांना खरोखर पोहताना पाहिलेली आपल्या घरातली दोन माणसं अजून आहेत. एक मी, आणि दुसरा गावी असलेला त्यांचा धाकटा भाऊ.