भट्टी पेटते त्या दिवशी

"सीओपीडी आहे." यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोचा, सुनंदाचा, रिपोर्ट पुढे सरकवला. "फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या आकसल्यात. झालेलं नुकसान भरून येत नाही. चुलीवर स्वयंपाक करता का, बाई?"

"नाही जी, गॅस हाये."

"मग त्रास कधी वाढतो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "यायच्या कारखान्याची भट्टी पेटते त्या दिवशी."

सिमेंटच्या कारखान्यात ती भट्टी मीच पेटवतो. धूळ पकडणारं यंत्र तेव्हा बंद ठेवावं लागतं, नाहीतर आत जमलेल्या वायूचा स्फोट होऊ शकतो. भट्टी नीट तापेपर्यंत सगळी धूळ सरळ चिमणीतून बाहेर जाते. आमचं घर कारखान्याच्या भिंतीपलीकडेच आहे.

सुरुवात कोरड्या खोकल्यानं झाली. दोन वर्षं औषधाच्या बाटल्या आणल्या. मग ती अंगण झाडता झाडता खाली बसू लागली. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजतात त्यात, तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं. तिथल्या ताईंनी तिची पाठ चोळली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्रासाच्या तारखा लिहून ठेवा. आमच्या तारखा डॉक्टरांच्या कामी आल्या.

माझी नोकरी जाऊ नये म्हणून सुनंदानं माहेरच्या नावानं तक्रार केली. प्रदूषण खात्याचे साहेब आले तेव्हा भट्टी सुरळीत चालू होती. आकडे मर्यादेतच निघाले. जाताना ते तक्रारीबद्दल सांगायला घरी आले.

"पेटवताना मोजा ना, साहेब," मी म्हणालो.

"सुरू करताना आणि बिघाडात धूर जास्त येणार, हे धरलेलंच असतं. कारखान्यानं कळवलं, की त्यावर कारवाई होत नाही."

ते कळवायचे कागद मीच भरतो.

"मंग माह्या छातीले कोन कळवते?" सुनंदानं विचारलं. साहेबांनी चहा संपवला आणि ते उठले.

तेव्हापासून भट्टी पेटवण्याआधी मी घरी फोन करू लागलो. ती खिडक्या लावायची, फटींत ओले कपडे कोंबायची. पण बिघाड सांगून येत नाही. एका दुपारी वीज गेली आणि धूळ पकडणारं यंत्र बंद पडलं. मी फोन केला तेव्हा ती गच्चीवर तूर वाळत घालत होती. फोन खाली घरात वाजत राहिला.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. आता घरी कॉन्सन्ट्रेटर आहे, हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन. दिवसाचे सोळा तास नळी नाकाला असते.

मी कामावर परतलो तेव्हा त्या बिघाडाचा कागद टेबलावर तसाच होता. वेळ लिहिली, कारण लिहिलं. शेवटी विचारलं होतं : बाहेर कुणाला त्रास झाला का?

मी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिनं नाकाची नळी सारखी केली.

"बरं केलं," मग म्हणाली. "नोकरी गेली तं दवाखाना कसा होईन?"