कडेला बसलेले बाबा

जुना टीव्ही चित्र पूर्ण दाखवत नाही. चारही बाजूंनी बोटभर पट्टी तो काचेच्या चौकटीमागे दडवून ठेवतो. बातम्या किंवा क्रिकेट पाहणाऱ्याला ते कधी कळत नाही, कारण दाखवण्यासारखं सगळं मध्येच असतं. आमच्या घरी मात्र पाहण्यासारखं जे होतं, ते नेमकं त्या बोटभर पट्टीत बसलं होतं.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडईला गावातल्याच माणसांचं नाटक होतं. धान बांध्यांत, भाताच्या खाचरांत, पिवळा पडत असतो, कापणीला अवकाश असतो, तेव्हा तालमी चालतात. आमचे बाबा सातवी शिकलेले. त्यांच्या वयाच्या माणसांत अडखळल्याशिवाय वाचणारे ते एकटेच, म्हणून वीस-बावीस वर्षं नाटकाचे प्रॉम्प्टर तेच. विंगेत बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि नटाच्या अर्धं वाक्य पुढं राहून त्याला शब्द द्यायचे. आवाज असा की नटाला ऐकू जाईल, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला जाणार नाही. शेजारचे काका दरवर्षी राजा व्हायचे. त्यांना एकही संवाद पाठ नसायचा आणि ते कधी अडलेही नाहीत. टाळ्या त्यांना मिळायच्या. बाबांना कोणी पाहिलंच नव्हतं.

मी नागपूरला बी.एस्सी.ला होतो. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. ते बाबांमुळे झालं. ते तालमीची वही घरी वाचायचे तेव्हा मला समोर बसवायचे, मी नट आणि ते प्रॉम्प्टर. वाचायची गोडी मला तिथूनच लागली, आणि पुढं गावात सगळे नको म्हणत असताना मला शिकवायचं त्यांनीच ठरवलं. हे मी विसरलो नाही असं मला वाटायचं.

त्या वर्षीच्या नाटकाचं शूटिंग लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकानं केलं. मंडपाचा खांब मधोमध येत होता, म्हणून त्यानं कॅमेरा उजव्या कडेला लावला. मी ती सीडी होस्टेलवर आणली आणि मित्राच्या कॉम्प्युटरवर लावली. पडद्याच्या अगदी डाव्या कडेला एक माणूस बसलेला दिसला. खाली मान, गळ्यात दुपट्टा, वहीवर बॅटरीचा उजेड. मी खोलीतून बाहेर येऊन घरी फोन लावला.

"बाबा, तुमी दिसून राहिले सीडीत."

"मी? कसा काय गा?"

"कॅमेरा तिरपा होता न. पूर्ण दिसता. वहीही दिसते."

"डोक्यावर टोपी हाय का?"

"नाही. दुपट्टा हाय."

"बरं," ते म्हणाले. मग, "हसून त नाही ना राहिलो?"

घरी टीव्ही होता, सीडी लावायला काही नव्हतं. कॉलेजच्या लॅबमधून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर मला आमच्या सरांनी दिला होता. त्याच्या मागं टीव्हीला जोडायचं भोक होतं. मी ठरवलं, यात लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली टाकायची, नाटक, गाणी, कीर्तनं सगळं भरायचं आणि टीव्हीलाच पडदा करायचा. दोन महिने मी त्याच नादात होतो. लिनक्स फुकट होतं आणि शिकायला भरपूर, हे दोन्ही मला आवडायचं. मॉनिटर मित्राचा, म्हणून तो होस्टेलवरच ठेवला. कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीनं गावी आलो.

दुपारी जोडाजोड केली. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. घरात पंधरा-वीस माणसं जमली होती. राजा काका पुढंच, खुर्चीत पाय पसरून. मी बटण दाबलं आणि टीव्हीवर काळं-पांढरं चित्र वरून खाली घसरायला लागलं.

"हे का होय?" काका म्हणाले. "चक्कीतून पडतं पीठ वाटते."

चूक मला ओळखता आली. परदेशी टीव्हीची रंगाची पद्धत वेगळी आणि आपली वेगळी, कॉम्प्युटर परदेशी पद्धतीनं चित्र पाठवत होता. ते बदलायची ओळ माझ्या वहीत लिहिलेली होती. अडचण एवढीच की घसरत्या चित्रात काय टाइप होतंय ते वाचता येत नव्हतं. न पाहता, एकही अक्षर न चुकवता टाइप करायचं होतं. वहीकडे पाहिलं की बोटं चुकायची. तीनदा चुकलो.

बाबांनी माझ्या हातातून वही घेतली. माझ्या मागं, कानाशी बसले. इंग्रजी त्यांना समजत नव्हतं, पण एबीसीडी पक्की होती.

"टी," ते हळूच म्हणाले. "व्ही. मंग आडवी रेघ हाय. दाबली का? एस. टी. ए."

तोच आवाज होता, विंगेतला. मी टाइप करत गेलो, ते माझ्या एक अक्षर पुढं राहिले. कोणी हसलं तर ते थांबत नव्हते. शेवटी "आता एन्टर मार," म्हणाले. मी मारलं. चित्र थरथरलं, थांबलं, आणि त्यात रंग आले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. माय दारातूनच म्हणाली, "बापानं सांगतलं तेव्हा जमलं वो बाई."

मग नाटक लावलं. राजा आला. काका स्वतःला पाहून खुर्चीत सरळ झाले. बाबा टीव्हीच्या डाव्या कडेला नजर लावून बसले होते. मीही. पहिला प्रवेश संपला, दुसरा संपला. तिथं पडद्याचा काठ होता, त्याच्यापुढं प्लास्टिक.

"मी काहून नाही दिसून राहिलो?" बाबांनी विचारलं.

"प्रॉम्प्टर टीव्हीतही विंगेतच लपला ना!" काका ओरडले. "बाहेर ये गा लेका, मी हाय न इथं!"

सगळे हसले, बाबाही हसले. मी वायर हलवून पाहिली, टीव्हीची बटणं दाबून पाहिली. खरं म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं. पण एवढ्या माणसांसमोर मला ते म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "टीव्हीची सवयच हाय तशी. कडा कापते तो. आता त्याले काही करता येत नाही."

बाबांनी मान हलवली. पोरगा शिकलेला आहे, तो सांगतो म्हणजे तसंच असणार.

नागपूरला परतल्यावर चार दिवसांत मला खरं उत्तर सापडलं. कॉम्प्युटरला चित्र थोडं लहान करून पाठवायला सांगायचं, म्हणजे कडा चौकटीच्या आत येतात. त्यासाठी एका फाइलीत एक ओळ लिहावी लागते. मी ती वहीत उतरवून घेतली आणि बाबांना फोन करून सांगितलं, जमते, दिवाळीत येतो तेव्हा करून देतो.

"तू फोनवरच सांग न," बाबा म्हणाले. "मी दाबतो. अक्षरं येतात मले."

"नको बाबा, एखादं चुकलं त सगळं बिघडून जाईन."

"बरं," ते म्हणाले. "दिवाळीत कर."

त्या दिवाळीआधी मला पुण्याला नोकरी लागली. नवी नोकरी, सुट्टी नाही. पुढच्या दिवाळीला दोन दिवसांसाठी आलो तर ती वही पुण्यातच राहिली होती, आणि ओळ मला पाठ नव्हती. त्यानंतरच्या वर्षी आलोच नाही. कारणं खरी होती. पण त्या दिवसांत मी दुसऱ्यांच्या कितीतरी मशीन फोनवरून दुरुस्त केल्या. ज्यांना एबीसीडीही नीट सांगता येत नव्हती, अशांनाही "हे दाबा, ते दाबा" सांगितलं. फक्त बाबांना सांगितलं नाही.

बाबा ते नाटक लावत राहिले. कॉम्प्युटरला मी जोडून दिलेला रिमोट चालवायला शिकले होते. फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा शेवटी नाटकाचा विषय निघायचाच.

"आता त राजाही अर्धाच येते," एकदा म्हणाले. "उजवीकडचा शिपाई पयले पूर्ण दिसे, आता नाही दिसत."

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. टीव्ही जुना झाला, नळी खराब होत असेल, असं मला वाटलं. "टीव्हीच तसा हाय बाबा," मी म्हणालो. "कडा कापते, सांगतलं होतं न तुमाले."

"हो, तू सांगतलं होतं."

पुढं माय म्हणाली, यांच्या हातून पाण्याचा गुंड, भरलेली घागर, दाराच्या चौकटीला लागून सांडला. मग एकदा, शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालता चालता बांधीत पडले, लागलं नाही. मग एकदा बाजूनं आलेली सायकल त्यांना दिसली नाही. प्रत्येक वेळी मी म्हणालो, जरा सांभाळून राहा, वय झालं. माय म्हणाली, "डोळे दाखवाले म्हणलं त हे म्हणते, डोळे चांगले हायेत माहे, टीव्हीच कापते, पोरगा म्हणे."

ते वाक्य ऐकून मी हसलो होतो. आज तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

बाबा आतून दार लावायला गेले आणि त्यांना कडी सापडली नाही, तेव्हा राजा काकांनी मला फोन केला. कधी नव्हे ते एकही विनोद न करता म्हणाले, "बाबू, तू ये."

भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बाबांची हनुवटी यंत्रावर टेकवली, एकेक डोळा बराच वेळ पाहिला. काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि उजव्यात मधलं थोडं उरलं होतं, तेही धुक्यातून पाहिल्यासारखं. "यात कडेची नजर आधी जाते," डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली औषधानं जपू." मग त्यांनी विचारलं, "कडेचं दिसत नाही हे पहिल्यांदा कधी जाणवलं तुम्हाला?"

"टीव्ही पाहताना," बाबा म्हणाले. मी शेजारीच होतो. त्यांनी माझा आवाज यायचा त्या दिशेला मान वळवली आणि डॉक्टरांना म्हणाले, "पण तो टीव्हीचाच दोष होता, साहेब. पोराले विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. निदान तिथं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा पुसला आणि वायरी घट्ट केल्या. या वेळी वही आठवणीनं आणली होती. ती ओळ मी वाटेत इतक्या वेळा वाचली होती की न पाहताच टाइप केली. लहानशी ओळ, त्यात बाबांना न येणारं एकही अक्षर नव्हतं. मशीन बंद करून पुन्हा चालू केली. चित्र आकसलं, चारही बाजूंना काळी पट्टी आली, आणि नाटक लावल्यावर डाव्या कडेला बाबा दिसले. स्टुलावर, दुपट्टा घेऊन, खाली मान घालून. माय स्वयंपाकघरातून आली आणि पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली.

"आलो का?" बाबांनी विचारलं.

"आले."

ते खाट सोडून टीव्हीजवळ गेले आणि खाली बसले. नाक काचेला लागेल इतकं जवळ. मी त्यांचं बोट धरून पडद्यावर योग्य जागी ठेवलं. ते मान थोडी इकडं, थोडी तिकडं करत राहिले, उरलेल्या नजरेनं ती जागा शोधत.

"तोंड नाही दिसत," शेवटी म्हणाले. "पण उजेडाचा एक ठिपका हाय. बॅटरी होय का ती?"

"हो बाबा. बॅटरीच."

"मंग मीच होय." ते मागं सरकले नाहीत. "हसून त नाही ना राहिलो?"

"नाही. वाचून राहिले."

मला त्यांना सगळं सांगायचं होतं. चार दिवसांत सापडलेली ओळ, जिन्यातला तो फोन, माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलणं. पहिलं वाक्य मी जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टीव्हीवर राजा दरबारात आला होता. बाबा हळू आवाजात बोलायला लागले, राजाच्या अर्धं वाक्य पुढं. संपूर्ण प्रवेश त्यांना पाठ होता. दारातल्या मायलाही ते शब्द ऐकू गेले नसतील.

मध्येच ते थांबले.

"आता पान उलटवतो, पाह," म्हणाले.

पडद्याच्या कडेला बॅटरीचा उजेड हलला, एक हात वहीवर गेला.

"उलटवलं का?"

"उलटवलं," मी म्हणालो.