लॉनच्या जागी केना

आज सकाळी सोसायटीच्या आवारात केना या पावसाळी तणाला पहिलं निळं फूल आलं. जेमतेम नखाएवढं. पाण्याची नळी खाली ठेवून मी त्याच्यापाशी उकिडवा बसलो.

इथे नऊ वर्षं लॉन होतं. टँकरचं पाणी प्यायचं आणि दर आठवड्याला मशीनखाली जायचं. यंदा सोसायटीच्या बागेचं बघणाऱ्या बाईंनी ते काढायला लावलं. कॉलेजात झाडापानांचंच शिकवायच्या त्या. "आता आपोआप उगवेल ते राहू द्यायचं," म्हणाल्या. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी; लॉन गेल्यावर माळी कशाला ठेवतील?

त्या काळजीत हातांनी जुनंच काम केलं. उगवलेला सगळा केना उपटून ढीग घातला. बाईंनी येऊन कपाळाला हात लावला. "अरे देवा, अख्खी बाग कचऱ्यात घातलीस की!" मग स्वतःच हसल्या. "नऊ वर्षं मीच उपटायला लावलं, तू तरी काय करशील? लाव परत. आणि यापुढे राखणही तुझीच." त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

केना चिवट, पेरापेराला मूळ धरतो. आमच्या मेळघाटात पावसाळ्यात आई त्याच्या पानांची भजी करते. इथे त्याचं नाव कुणी विचारत नाही, माझंही नाही. दर पावसाळ्यात माझ्या गावचं कुणीतरी इथवर येत होतं, आणि मी त्याला ओळख न देता हाकलत होतो.