कागदावर मी, गाडीवर पप्पा

आमच्या घरात किस्से शोधत फिरावं लागत नाही. मोठी माणसं ते रोज ताजे काढून देतात. मॉरिशसहून येऊन तीन महिने झाले, तरी मानवतच्या आमच्या कापडाच्या दुकानात पप्पा प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात, "परक्या मुलखात आठ दिवस गाडी चालवली, एकदाबी चुकलो न्हाई." मी तिथंच थान गुंडाळत उभी असते. म्हणून आता माझ्याकडूनही ऐका.

गेलो होतो चौघं. पप्पा, आई, काका आणि मी. निघण्याआधी पप्पांनी शब्द दिला होता, "तिथं गाडी तूच चालव." त्यासाठी मी परभणीला दोन हेलपाटे घालून परदेशात चालणारं परमिट काढलं. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कळलं की पप्पांचं लायसन्स घरी कपाटात राहिलंय. काकांना गाडी येतच नाही. ड्रायव्हर म्हणून माझं एकटीचं नाव लागलं. सही केली आणि पार्किंगमध्ये आलो, तर पप्पांनी हात पुढं केला.

"चावी."

"पप्पा, नाव माझं आहे."

"मग ऱ्हाऊ दे की. तू कागदावर, मी गाडीवर."

पुढं काका बसले. मला आईशेजारी मागं बसवून हातात फोन दिला. झाले मी मॅप!

*

काका मात्र स्वतःची तयारी करून आले होते. नेट मिळालं नाही तर अडचण नको म्हणून त्यांनी मानवतलाच मोबाइलच्या दुकानात बसून फोनमध्ये नकाशा उतरवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी डोंगरात माझी रेंज गेली. काकांनी ऐटीत फोन काढला, चष्मा लावला आणि बोटानं नकाशा इकडून तिकडं सरकवत राहिले.

मी वाकून पाहिलं. सेलू, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड. अख्खा परभणी जिल्हा, एकेका पांदीच्या वाटेसकट.

"मी म्हणलो, आपला नकाशा टाक. त्या दुकानवाल्यानं आपला टाकला," काका म्हणाले.

पप्पा म्हणाले, "असू दे. काहीतरी जवळ हाय ना." माझ्याकडून असं झालं असतं तर माझं शिक्षण काढलं असतं.

*

आमच्याकडे रस्ता तिघांना विचारायची पद्धत आहे. दोघं एकच सांगतील तो खरा. मॅप "डावीकडे" म्हणत होता, पण पप्पांनी गाडी थांबवली आणि काच खाली केली. तिथं हिंदी चालते, त्यामुळं तर ते फारच खुलले होते.

पहिल्या माणसाला बीच विचारला. त्यानं खिशातून फोन काढला, बघितलं आणि म्हणाला, "लेफ्ट." दुसऱ्या बाईनं पर्समधून फोन काढला. "लेफ्ट." तिसरा फळवाला. त्यानंही फोनच काढला.

पप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. माणसाला विचारलं की कळतं."

*

पप्पांना त्या मॅपमधल्या बाईचं बोलणं सहन व्हायचं नाही. "लय बोलायलीय ही." ती उजवीकडे म्हणाली की हे सरळ जाणार. मग ती बिचारी दोन सेकंद थांबून नवा रस्ता सांगायची.

"आली का लाइनीवर? मी जायलोय तेच सांगायलीय आता."

काका मान डोलवायचे. मी आईकडं बघायचे. आई खिडकीबाहेर बघायची. तीस वर्षं तिनं तेच काम केलंय, नवा रस्ता काढायचं.

*

आईनं अख्ख्या ट्रिपमध्ये एकच गोष्ट मागितली होती. डॉल्फिन. सकाळची बोट, सातला सुटते. मॅपनं चाळीस मिनिटं दाखवली. निम्म्या वाटेत पप्पांना उसाच्या शेतातून जाणारा रस्ता दिसला.

"ऊस हाय म्हणजे पुढं वस्ती असणार. शॉर्टकट हाय."

"पप्पा, मला द्या गाडी."

"परक्या मुलखात पोरीच्या हातात गाडी देऊन बापानं शेजारी बसायचं? लोक काय म्हणतील?"

कोण लोक? तिथं आम्हाला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

रस्ता उसातच संपला. काकांनी खाली उतरून एक कांडं दाबून पाहिलं. "सोनपेठच्या उसापुढं काईच न्हाई." आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पार लांब गेली होती.

आई म्हणाली, "असू दे. टीव्हीवर दिसतात की."

*

शेवटचा दिवस. दुपारचं विमान. एअरपोर्टच्या वाटेवर पोलिसानं गाडी थांबवली. कागद पाहिले, पप्पांकडं पाहिलं, मग मागं माझ्याकडं. अगदी नम्रपणे म्हणाला, "गाडी इथून पुढं यांनाच नेता येईल."

पप्पा उतरले. आठ दिवसांत पहिल्यांदा चावी माझ्या हातात आली. काका पुढची जागा सोडून मागं आईजवळ बसले. मी सीट पुढं ओढली, आरसा सारखा केला, शेजारचं दार आतून उघडलं.

पप्पा फुटपाथवर उभेच.

"दादा, बसा की," काका म्हणाले.

"टॅक्सी करू."

"पप्पा, गाडी आहे ना!"

त्यांनी ऐकलंच नाही. त्या पोलिसालाच टॅक्सी बोलवायला लावली. काका उतरून त्यांच्यामागं गेले. आई उतरली, दोन पावलं माझ्याकडं आली, थांबली, आणि तीही तिकडं गेली. बॅगा तेवढ्या माझ्या डिकीत राहिल्या.

टॅक्सी आली. चालवणारी बाई होती, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. पप्पा तिच्या शेजारी बसले, पट्टा लावला.

माझी काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"कहां जाना है?"

"एअरपोर्ट. वो गाडी के पिछे पिछे लो."

"एअरपोर्ट मुझे मालूम है, अंकल."

"मालूम हय," पप्पा म्हणाले. "मगर उसके पिछेच लो."