फक्कीचं बोट

शहापूर-मुरबाडच्या मातीतला सर्वांत मोठा चढाईपटू कोण, हा वाद आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही चालतो. एका बाजूला माझा थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला त्याचे मुरबाडकडचे व्याही. दोघांनीही साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण कबड्डीचा विषय निघाला की हातातला पापड हातातच राहतो.

खरं तर दोघांची तुलनाच होऊ नये. दादा काटक. चढाईला गेला की नुसता नाचायचा. हा आता परत फिरला असं वाटेपर्यंत पायाच्या अंगठ्याने एखाद्याला टिपून पार. व्याही आडदांड. त्यांना टिपण्याबिपण्याची हौस नव्हती. सरळ आत घुसायचे आणि तिघांनी धरलं तर तिघांना ओढत मधल्या रेषेकडे न्यायचे. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो, म्हणजे त्यांचा घोटा माझ्या वाट्याला. दाताखाली माती यायची.

आमच्या गावाने मात्र निकाल कधीच लावून टाकला होता. एका अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईला, आम्ही व्याह्यांना रेषेच्या अलीकडे पाडलं होतं. तेव्हा ते व्याही नव्हते, नुसते मुरबाडवाले. दादाला त्या दिवशी कुणीही धरू शकलं नाही. संपला वाद. घोटा माझ्या हातात होता, म्हणून वर्षानुवर्षं मीही कॉलर ताठ करून फिरलो.

यंदा भातकापणीनंतर शेणव्याजवळच्या आमच्या खाचरात धसकटं काढून, माती चोपून मैदान केलं. सामन्याआधी मधल्या रेषेवर नारळ फोडायचा मान जुन्या चढाईपटूचा, आणि तो एकाचाच. दादा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मंडळाच्या पोरांनी उगाच मला विचारलं, "काका, तुमी दोघांना खेळताना बघितलंय. तुमीच सांगा."

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते लांब कडेला उभे होते आणि दादासाठी आधीच टाळ्या वाजवत होते. मला माझीच लाज वाटली.

"मान व्याह्यांचा," मी म्हणालो. "त्या दिवशी त्यांचं बोट रेषेला लागलं होतं."

मग सगळंच सांगितलं. आमच्या ढिगाऱ्याखाली पंचांना काही दिसलं नव्हतं. मी उठलो तेव्हा व्याह्यांच्या बोटाच्या टोकाला पांढरी फक्की होती. रेषा आखायची पावडर. दुसरीकडून लागणार कुठून? पंच जवळ येत होते. मी व्याह्यांना उठवायच्या मिषाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोट चांगलं चोळून पुसलं. माझा दिलदारपणा बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

व्याही आपल्या बोटाकडे बघत राहिले. "माजं तोंड मातीत होतं. माला काय बी कललं नाय," ते म्हणाले. "वाटलं, हरलेल्याचा हात असा कोन धरतो? घर चांगलं हाय. म्हनून तर पोरासाठी तुमची पोरगी बघाया आलो."

दादाचा चेहरा पडला होता. तरी तो म्हणाला, "मग आता काय, पोरगी परत पाठवताय?"

"ती नाय यायची," व्याही म्हणाले, आणि आधी तेच हसले. मग दादाही हसला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

व्याह्यांनी रेषेवर उकिडवं बसून नारळ फोडला आणि अर्धी वाटी दादाच्या हातात दिली. मग त्यांना उठता येईना. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी दोन्ही हातांनी धरून त्यांना उभं केलं. त्यांच्या बोटांना फक्की लागली होती. ती तशीच राहू दिली.