अण्णाच्या अटी

मी कमलनगरात घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करते. वेबसाइटी बनवते, एवढं सासरी सांगून ठेवलंय. त्यापलीकडं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही. फावल्या वेळात हौसेनं एक छोटी साइट मी स्वतःच केली. आमच्या बिदर-कलबुर्गीकडच्या खेड्यांतून शहरात शिकायला जाणाऱ्या पोरापोरींना भाड्याची खोली शोधून देणारी. घरमालकांनी खोलीची माहिती भरायची आणि शोधणाऱ्यानं आपल्या अटींपुढं खुणा करायच्या.

गेल्या जूनमध्ये त्या साइटची परीक्षा माझ्या माहेरीच झाली. माझा मोठा भाऊ हळ्ळीखेडला शेती करतो, त्याला मी अण्णा म्हणते. त्याच्या लेकीला कलबुर्गीच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आणि मनासारखी खोली मिळाली तरच पाठवीन, असं अण्णा म्हणत होता. प्रवेश पक्का करायची मुदत संपत आली होती. एकदा पोरगी घरी बसली की पुढं काय होतं ते आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिचाच फोन आला, "आत्या, तू ये. येताना लॅपटॉप घिऊन ये."

गेले. ओसरीतल्या बाजेवर लॅपटॉप उघडला. अण्णा समोर मांडी घालून अटी सांगू लागला. इमारत फक्त पोरींची पाहिजे. घरमालकीण तिथंच राहणारी असावी, नाहीतर घर आपल्या ओळखीचं असावं. आणि बसस्टँड पायी जाण्याएवढं जवळ, कारण डबा. आमच्याकडं शिकायला गेलेल्या लेकरांचा डबा सकाळच्या गाडीनं जातो. कंडक्टरला सांगून तो ड्रायव्हरच्या मागं ठेवायचा आणि तिकडं लेकरानं स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. शहरातल्या खानावळीच्या भाकरीवर आमच्या माणसांचा काडीचा भरवसा नाही.

त्याच्या अटी साइटवरच्या खुणांत मावेनात, म्हणून मी थेट कोडच लिहू लागले. मी वापरते त्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यात, अटी स्वल्पविराम देऊन एकापुढं एक लिहिल्या की ते त्यांच्यामध्ये 'आणि' धरतं. मी घाईघाईत सगळ्या तशाच लिहिल्या. पडद्यावर एकही खोली आली नाही.

"बघ, मशीनबी नगं म्हणायलंय," अण्णा म्हणाला. त्याच्या तोंडावर जे समाधान दिसलं, त्यानं माझं डोकंच फिरलं.

मालकीण घरात किंवा घर ओळखीचं, दोन्हींतलं एक असलं तरी त्याला चालणार होतं, आणि मी दोन्ही मागत बसले होते. 'किंवा' हवं असेल तर सगळ्या अटी वेगवेगळ्या गुंडाळून, स्वल्पविरामाऐवजी 'आणि'साठी & आणि 'किंवा'साठी उभी दांडी द्यावी लागते. दिली. लगेच खोल्यांची जत्रा भरली. पहिल्याच फोटोत दोरीवर बनियनी वाळत होत्या, बाजूला मोटारसायकली, आणि खाली लिहिलेलं, 'फक्त मुलांसाठी'. पोरगी फिसकन हसली. अण्णा हसला नाही.

"असल्या जागी ठेवायलीस व्हय माझ्या लेकीला?"

मी कंस घालायचा विसरले होते. 'आणि'ची पकड 'किंवा'पेक्षा घट्ट असते. कंस नसला की बाकीच्या सगळ्या अटी मालकिणीच्या गळ्यात पडतात आणि ओळखीचं घर मोकळं सुटतं, मग ते पोरांचं असो की स्टँडपासून लांब असो. त्यात आमची माणसं. 'बिदर, आळंदकडं ओळख आहे का?' या प्रश्नापुढं बहुतेक मालकांनी बिनधास्त खूण केलेली. एकाच्या तर मामाचं सासर आळंदचं होतं, तेवढ्यावर तो आमचा झाला. आमच्याकडं परकं म्हणवून घ्यायला कुणी तयारच नसतं. मी मालकीण आणि ओळख यांच्याभोवती कंस टाकला, आणि यादीत दोनच खोल्या उरल्या. दोन्ही चांगल्या होत्या.

मला वाटलं, झालं काम. पण अण्णाच्या अटी संपेनात. पाणी रोज येतं का? येतं. खिडकीला जाळी आहे का? आहे. जिना फार उभा नको. आता मात्र माझा संयम सुटला. "अण्णा, तुला पोरीला पाठवायचंय का न्हाई, सरळ सांग की."

तेव्हा पोरगीच बापाजवळ सरकून बसली. "अप्पा, बाकीचं ऱ्हाऊ द्या. सुटतच न्हाई अशी एकच अट सांगा."

अण्णा बाजेची दोरी चाचपू लागला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुला बघाय आलो तर मी बसू कुठं? पोरींच्या घरात बाप्याला आत घेत न्हाईत. आपला शेजारी गेलता लेकीला भेटाय. रस्त्यावर उभ्यानं बोलला आन् माघारी आला. तसं उभ्याउभ्या बोलून यायचं, मला जमायचं न्हाई."

माझ्या साइटवर पाण्याला रकाना होता, गॅसला होता, वायफायला होता. याला नव्हता. मला मघाच्या रागाची लाज वाटली.

दोन्ही मालकिणींना तिथूनच फोन लावला. पहिली म्हणाली, भेटणं फाटकाबाहेर. दुसरीनं माझं कन्नड शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ओसरीत बाकडं आहे, वडलांनी हवं तेवढं बसावं. मी ते अण्णाला सांगितलं. तो उठून पोरीच्या पेटीचं कुलूप लागतंय का ते बघू लागला. त्याच संध्याकाळी मी साइटवर नवा रकाना टाकला, 'भेटायला येणाऱ्या वडलांना बसायला जागा'.

कॉलेज सुरू झाल्यावरच्या एका रविवारी पोरीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती.

"आत्या, अप्पा आलेत. बाकड्यावर बसले, च्या पिले, दोन शब्द बोलले आन् बसल्या बसल्याच झोपले. उठवू का?"

"नको गं," मी म्हटलं, "झोपू दे. तू बस जवळ."