पाहुणे मुक्कामाला कुठे होते?

पुण्याहून सकाळच्या गाडीने सोलापूरला निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत एक जाडजूड अहवाल होता आणि त्यातल्या एकाही पानावर माझा विश्वास नव्हता.

सोलापूरच्या एका महाविद्यालयाला ‘जागतिक शिक्षण’ नावाच्या प्रकल्पासाठी विद्यापीठाकडून निधी मिळाला होता. नॉर्वेतले पाच विद्यार्थी तीन आठवडे इथे येऊन गेले होते आणि आता इथले चार विद्यार्थी तिकडे जायचे होते. त्याआधी प्रकल्प खरोखर झाला का, ते पाहून यायला विद्यापीठाच्या समितीने मला पाठवलं. मी भूगोल शिकवते. हिशेब तपासणारी माणसं वेगळी होती. मला फक्त काम बघायचं होतं.

दौंड मागे पडलं आणि खिडकीबाहेर बाभळी सुरू झाल्या, तेव्हा मी अहवालातले फोटो पुन्हा पाहायला घेतले. विषय होता मेंढपाळांचं जीवन. पण प्रत्येक फोटोत मागे तीच निळी भिंत, पुढे तेच चेहरे आणि मेंढी एकाही फोटोत नाही. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी वाकून पाहिलं.

“लग्नातलं हाय का?”

“नाही, कॉलेजचं आहे.”

“मग समदी अशी भिंतीला चिकटून का हुबी हायत?”

मलाही तेच विचारायचं होतं.

सोलापूर स्टेशनवर प्रकल्पाचे समन्वयक वाघमारे सर घ्यायला आले होते. चाळिशीतले, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. जेवायला घेऊन गेले. कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) आमटीत कुस्करून कशी खायची, हे त्यांनी मनापासून दाखवलं. मी मात्र मनात म्हटलं, पाहुणचार जरा जास्तच होतोय. पाहुणे मुक्कामाला कुठे होते, असं विचारलं तर म्हणाले, “आमच्या अतिथिगृहात. रोज सकाळी वस्तीवर जायचे, संध्याकाळी परत.” आणि लगेच आणखी एक भाकरी पुढे केली.

ती निळी भिंत महाविद्यालयातच सापडली, ग्रंथालयाच्या मागे. नॉर्वेला जाणाऱ्या चौघांना भेटले. त्यांच्यातली सविता ही शेवटच्या वर्षाची मुलगी सगळ्यात हुशार वाटली, पण तीही पाठ केल्यासारखं बोलली. “खूप शिकायला मिळालं, मॅडम. संस्कृतीची देवाणघेवाण झाली.” कोणती देवाणघेवाण, असं विचारल्यावर तिने वाघमारे सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

माझी खोली त्याच अतिथिगृहात होती. संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या, अतिथिगृह सांभाळणाऱ्या मौसींना मी सहज विचारलं. त्या हसून दखनीत म्हणाल्या, “वो गोरे बच्चे? चार दिन थे, मॅडम. फिर कमरे बंदच थे.”

म्हणजे उरलेले दिवस ही मुलं गोव्याला गेली असणार. माझ्या मनात ते पक्कंच झालं. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, आपला संशय बरोबर निघाल्याचा.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता मी सांगोल्याची एसटी धरली. तिथून वडाप (खासगी जीप) मिळालं. अहवालातल्या वस्तीचं नाव सांगितलं, तर जीपवाल्याने एका फाट्यावर उतरवलं आणि हात लांब करून दाखवलं, “त्ये काय, हितंच हाय.” ते ‘हितंच’ चांगलं तासाभराचं निघालं. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. माळ तापलेला, सावली नाही. चप्पल हातात घेऊन मी वस्तीवर पोचले, तेव्हा तपासणीला आलेल्या बाईचा रुबाब काही उरला नव्हता.

पहिल्याच घरापुढे पन्नाशीच्या एक बाई वाघर (मेंढ्यांभोवती लावायची जाळी) दुरुस्त करत बसल्या होत्या. त्यांचं नाव हिराबाई. पाणी दिलं, सावलीत बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा केला. पण मी विद्यापीठाकडून आलेय म्हटल्यावर चेहरा बदलला.

“नॉर्वेची मुलं इथे आली होती ना?”

“न्हाय वं बाई. हितं कोन येतंय?”

“पाच जण होते. गोरे.”

“गोरं न्हाय, काळं न्हाय. कुणीच न्हाय आलं.”

झालं, असं मनात म्हणत मी वही उघडली. तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेल्या लोकरीच्या मोज्यांकडे लक्ष गेलं. काळ्या-पांढऱ्या लोकरीचे, वर चांदण्यांची नक्षी. या भागात लोकरीची घोंगडी विणतात, मोजे कुणी विणत नाही.

“हे कुणी विणले?”

हिराबाई हातातली जाळी खाली ठेवून म्हणाल्या, “मीच. त्या इंगरीनं शिकवलं.”

इंगरी म्हणजे इंग्रिड. मग सगळंच बाहेर आलं. पाचही मुलं दोन आठवड्यांहून जास्त याच वस्तीवर राहिली होती. मेंढरं उजाडायच्या आत बाहेर पडतात. शहरातून रोज येऊन काय दिसणार, असं त्या मुलांचंच म्हणणं पडलं. वाघमारे सरांनी मुक्काम करू दिला. पण मंजुरीपत्रात मुक्काम शहरातच करायची अट होती आणि परदेशी पाहुण्यांची नोंद करताना पोलिसांकडेही शहराचाच पत्ता दिलेला होता.

“सर म्हनलं, राह्यल्याचं सांगू नगा. मी म्हनलं, मग आल्याचं तरी कशाला सांगायचं?”

त्यांनी घरातून एक वही आणली. गवतांची नावं, मेंढ्यांचे आजार, त्यावरचे उपाय; वस्तीच्या मराठीत, इंग्रजीत आणि नॉर्वेजियनमध्ये. काही पानांवर वेड्यावाकड्या देवनागरीत परदेशी हातांनी लिहिलं होतं, “लंगडली तर आधी खूर बघ.” एवढं खरं काम मी कितीतरी वर्षांत कुठल्याच प्रकल्पात पाहिलं नव्हतं. आणि अहवालात त्यातलं एक अक्षरही नव्हतं.

“ही वही कुणी सांभाळली?”

“माज्या लेकीनं, सवितानं. ती जानार हाय की तिकडं.” हिराबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “जानार न्हवं?”

मी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. निघताना त्यांनी तुटकी चप्पल दोऱ्याने शिवून दिली आणि म्हणाल्या, “सरांचं नाव नगा घेऊ.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी सोलापुरात वाघमारे सरांना भेटून सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलले. “रात्री एखाद्या पोराला साप चावला असता, तर मी काय केलं असतं? रोज हाच विचार यायचा. तरी राहू दिलं. वस्तीवरचे फोटो आणि वही दाखवली असती, तर मुक्काम उघडा पडला असता. म्हणून शेवटी अतिथिगृहाच्या नोंदवहीतल्या सह्या आणि फोटो खोटे केले, ते मीच.”

“मला लिहावं लागेल, सर.”

“लिहा. पण वहीबद्दलही लिहा. आणि हिराबाईंना मीच सांगतो. तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल, त्यांच्या तोंडून निसटलं म्हणून हे झालं.”

परतीच्या गाडीत मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. खोटं काय होतं आणि खरं काय होतं. वहीतल्या पानांच्या नकला जोडल्या. माझ्या लक्षात आलं, मी चोर शोधायला गेले होते. खोटेपणा सापडला, पण तो एका चांगल्या कामावर पांघरूण घालायला केलेला होता. तो माफ करावा असं मला वाटलं नाही. त्यापायी काम बुडावं असंही वाटलं नाही.

समितीने वाघमारे सरांना समन्वयकपदावरून काढलं. प्रकल्प दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेला. निधी चालू राहिला, चौघांचं जाणंही ठरलं.

काही महिन्यांनी सविताचा नॉर्वेहून फोन आला. “मॅडम, इथं उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकळ्या सोडतात. सोबत माणूसच नसतो. मी विचारलं, मग त्यांच्याशी बोलतं कोण? कुणालाच सांगता येईना.” ती खूप हसली.

“वाघमारे सरांना सांगितलंस का हे?”

“पहिला फोन त्यांनाच केला की, मॅडम. दुसरा आईला. मग तुम्हाला.”

मला तो क्रम बरोबर वाटला.